मधले तीन तास

पावसाळ्यात सांगलीहून मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कोयनेचं किती सोडलंय रे?" मी पुण्यात बसून टीव्हीच्या पट्टीवरचा आकडा वाचून दाखवतो: 50 हजार क्युसेक. ती जरा थांबते आणि दुसरा प्रश्न टाकते, "कधीपासून?"

हा दुसरा प्रश्न मला बारावीच्या वर्गात वर्षानुवर्षं कुणी विचारला नाही. मुलं इंटिग्रेशनची सूत्रं घडाघडा म्हणत. पण क्युसेक हे पाणी नव्हे, पाण्याचा वेग आहे, सेकंदाला इतके घनफूट, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं लागे. 'धरणात इतके क्युसेक पाणी आहे' असं वाक्य छापून आलेलंही मी वाचलंय. म्हणजे दादरहून ठाण्याचं अंतर ताशी 60 किलोमीटर आहे म्हणण्यासारखंच. धरणातलं पाणी मोजायचं ते टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. या दोन मापांमधला पूल म्हणजे नुसता वेळ. दिवसाचे सेकंद 86,400, तेव्हा 11,574 क्युसेकनं दिवसभर पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. 50 हजारानं दिवसभर वाहिलं तर 4.32. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे त्या वेगानं रिकामं धरण भरायला चोवीस दिवसांहून थोडा जास्त काळ लागेल.

हे सोपं झालं, कारण वेग दिवसभर एकच धरला. नदी असं करत नाही. समजा, एखाद्या नदीवर सकाळी सहाला 10 हजार क्युसेक नोंदले गेले, नऊला 20, बाराला 35, दुपारी तीनला 50 आणि संध्याकाळी सहाला 55 हजार. बारा तासांत पाणी किती गेलं? हातात पाच आकडे आहेत. त्या आकड्यांच्या मधे काय घडलं ते कुणी पाहिलेलं नाही. मापाशेजारचा माणूस चहा प्यायला गेला होता.

पाणी वाढतच होतं एवढं मानलं, तर एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते. प्रत्येक तीन तासांत सुरुवातीचा वेग सर्वांत कमी आणि शेवटचा सर्वांत जास्त. सुरुवातीचे आकडे धरून बेरीज केली तर 1.24 टीएमसी येते, शेवटचे धरून 1.73. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठं तरी. दोन्हींची सरासरी काढून 1.49 म्हणायची सवय सगळ्यांनाच असते आणि बहुतेकदा ती बरी ठरते, पण मला स्वतःला ती दोन टोकंच अधिक आवडतात. सरासरी एकच आकडा देते आणि गप्प बसते. टोकं मात्र आपल्याला किती ठाऊक नाही तेही मोजून देतात. इथं ते न ठाऊक असलेलं पाणी जवळजवळ अर्धा टीएमसी आहे. त्याचा हिशेबही गमतीचा: मधले सगळे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो पहिल्या-शेवटच्या वेगांतला फरक गुणिले दोन नोंदींमधला वेळ. 45 हजार गुणिले तीन तास. तासातासाला नोंद घेतली असती तर हे अज्ञान एक तृतीयांशावर आलं असतं, अर्ध्या तासानं घेतली असती तर एक षष्ठांशावर. पुस्तकातलं 'लिमिट' म्हणतात ते हेच: माणसानं चहाला कमी कमी जावं.

पण 'पाणी वाढतच होतं' हे मानलेलं आहे, मोजलेलं नाही. घाटमाथ्यावर ढग फुटला, दीड वाजता वेग 80 हजारांवर जाऊन तीनला पुन्हा 50 हजारांवर आला, तर आपल्या वरच्या टोकाचा भरवसा गेला आणि तक्ता मात्र अक्षरशः तोच. पाठ्यपुस्तकात फलन दिलेलं असतं. x चा वर्ग, साइन x, काही तरी. तिथं दोन बिंदूंच्या मधे काय आहे हा प्रश्नच पडत नाही, कारण सूत्रानं सगळं आधीच कबूल केलेलं असतं. बाहेरच्या जगात सूत्र कुणी हातात देत नाही, तक्ता देतं. संकलनाची, म्हणजे इंटिग्रेशनची, चिन्हं शिकवण्याआधी मुलांना महिनाभर नुसते तक्ते द्यावेत, असं माझं मत आहे. ते परीक्षेच्या वेळापत्रकात कधी बसलं नाही.

धरणाच्या दारांपाशी मात्र मजा उलटी आहे. सांडव्याचे वक्र दरवाजे दोन फूट उचलले, मग चार फूट उचलले, की विसर्ग पायरीपायरीनं वाढतो, आणि दोन पायऱ्यांमधे तो जवळपास सपाट राहतो. फळ्यावर आपण वक्ररेषेखाली जे आयत नाइलाजानं काढतो, ते इथं खरोखरचे असतात. दरवाजा किती वाजता हलवला याची नोंद असली की बेरीज अंदाज राहत नाही, हिशेब होतो. धरणात येणाऱ्या पाण्याचं तसं नाही. शेकडो ओढे, ओहोळ, उतारावरून सुटलेलं पाणी. सगळीकडे माप कोण लावणार? म्हणून आवक बहुधा उलट्या वाटेनं काढतात. तासाभरात पातळी किती चढली ते पाहायचं, त्यावरून साठा किती वाढला ते काढायचं, त्यात सोडलेलं पाणी मिळवायचं आणि वेळेनं भागायचं.

ही उलटी वाट फार निसरडी आहे. कोयनेचा शिवसागर जलाशय भरला की 100 चौरस किलोमीटरांहून जास्त पसरतो. 100च धरले, तरी एवढ्या पाण्यावर पातळी एक सेंटीमीटर चुकली म्हणजे 10 लाख घनमीटर चुकले, साडेतीन कोटी घनफूट. ती चूक एका तासाच्या आवकेत शिरली की सुमारे 9,800 क्युसेकची होते. वाऱ्यानं पाणी एका काठाला बोटभर ढकललं, की कागदावर एक आख्खी नदी उगवते. पुढच्या तासाला वारा पडला की ती नदी कागदावरूनच परत जाते. पण दिवसभराची बेरीज केली, तर या सगळ्या भुताटकीचा पत्ता लागत नाही. मधले चढ-उतार एकमेकांत विरून जातात आणि उरतो फक्त पहिल्या व शेवटच्या पातळीतला फरक. वेग शोधायला गेलं की चुका फुगतात, बेरजेत त्या निवतात. विकलन आणि संकलन एकमेकांची उलट क्रिया आहेत एवढं आपण शिकवतो, पण त्यांचे स्वभाव किती वेगळे आहेत ते सांगायचं राहून जातं.

अशी बेरीज करणारं एक यंत्र आमच्या घरात होतं: विजेचं जुनं मीटर, ॲल्युमिनियमची चकती फिरणारं. इस्त्री लावली की चकती पळायची, नुसता दिवा असला की रेंगाळायची. चकतीचा वेग म्हणजे त्या क्षणीची वीज आणि आकड्यांची चाकं म्हणजे तिची बेरीज. मीटर वाचणारा महिन्यातून एकदाच यायचा, मधल्या एकाही क्षणाकडे न बघता दोन आकड्यांची वजाबाकी करायचा आणि ती अचूक असायची. कारण त्याच्या वाटची बेरीज चकतीनं, एकही क्षण न चुकवता, करून ठेवलेली असायची. घराला कुलूप दिसलं तर सरासरी बिल यायचं. त्यावरून घरात होणारी चिडचिड हा माझा अंदाजपद्धतीशी झालेला पहिला परिचय.

वेगावरून बेरीज काढायची युक्ती मात्र चकतीहून फार जुनी आहे. बॅबिलोनमधल्या मातीच्या पाट्यांवर, इसवी सनापूर्वी 350 ते 50 या काळातल्या, गुरू ग्रहाचा हिशेब आहे. गुरू दिसू लागतो तेव्हा दिवसाला 12 कला सरकतो, 60 दिवसांनी त्याची गती साडेनऊ कलांवर आलेली असते. मग 60 दिवसांत तो किती सरकला? त्या ज्योतिषांनी दोन गतींची सरासरी घेऊन तिला 60 नं गुणलं: 10 अंश 45 कला. शिवाय त्यांनी त्याला नाव दिलं समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाचं, ज्याची एक बाजू काळ आहे आणि दुसरी गती. विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक मात्थिऊ ओस्सेनड्रायव्हर यांनी 2016 मध्ये हा उलगडा प्रसिद्ध केला. तोवर हे श्रेय चौदाव्या शतकातल्या ऑक्सफर्डच्या आणि पॅरिसच्या पंडितांकडे होतं. गती सरळ रेषेत मंदावते हे बॅबिलोनच्या ज्योतिषांनी मानलं होतं. मधल्या रात्री त्यांच्याकडेही ढगाळ असणारच.

आर्यभटानं तर 499 मध्ये 'ज्यां'ची, म्हणजे साइनची, कोष्टकं देताना ज्या दिल्याच नाहीत, त्यांच्यातले फरक दिले. 225, 224, 222, 219... असे चोवीस आकडे, शेवटचा 7. पहिले आठ मिळवले की 1719 येतात, 30 अंशांची ज्या. सगळे मिळवले की 3438, पूर्ण त्रिज्या. ज्याला मोठा आकडा हवा त्यानं लहान बदल मिळवत जावेत. आणि साडेसहाशे वर्षांनी भास्कराचार्य 'सिद्धान्तशिरोमणी'त चंद्राबद्दल सांगतात की आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक म्हणजे स्थूल गती. तिथीचा शेवट जवळ असेल तर तात्कालिक गतीच धरावी, कारण चंद्राची गती क्षणाक्षणाला बदलते. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथं सापडला. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्यानं तिथीचा शेवट स्थूल गतीनं काढून गुरुजींची बोलणी खाल्ली असतील, असं मला उगाच वाटतं.

गेल्या वर्षी सांगलीला गेलो तेव्हा मावशीनं एक वही दाखवली. ऑगस्ट 2019 ची. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात आयर्विन पुलापाशी नदीची पातळी, तिसऱ्यात कोयनेचा विसर्ग. सगळं रेडिओवरून आणि शेजारच्या मुलाच्या फोनवरून ऐकून लिहिलेलं. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, या दोन ओळी तिनं लाल पेनानं वरच लिहून ठेवल्या होत्या. दर तासाला एक नोंद, अक्षर हळूहळू वाकडं होत गेलेलं. एका रात्री दोननंतरची पुढची नोंद थेट पाचची होती, आणि पातळीच्या रकान्यात आकड्याऐवजी लिहिलं होतं: पाणी अंगणात.

मधल्या दोन ओळी तिनं आखून मोकळ्या सोडल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "डोळा लागला होता."