पंच्याण्णव टक्क्यांचा हिशेब

सिगारेट जळते, ई-सिगारेट तापते. दोघींच्या धोक्यातला मूळ फरक इथे आहे. झुरका ओढताना सिगारेटच्या टोकाशी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता निर्माण होते. या उष्णतेतही तंबाखू पूर्ण जळत नाही, आणि त्या अर्धवट ज्वलनातून ७,००० हून अधिक रसायने बाहेर पडतात. त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, डांबर श्वासनलिकांच्या आतल्या थरावर साचत राहते, आणि धुराचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसातून थेट रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत परिणाम करतात. ई-सिगारेटमध्ये तंबाखूचे पान नसते. बॅटरीवर तापणारी छोटी तार प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या द्रवाचे तुषारांत रूपांतर करते. त्या द्रवात निकोटिन आणि स्वादद्रव्ये मिसळलेली असतात. काहीच जळत नसल्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळपास नाही. मात्र तार जास्त तापली तर फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलीन तयार होतात, आणि तारेतील निकेल, क्रोमियमसारखे धातू सूक्ष्म प्रमाणात तुषारांत उतरतात.

लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच मांडले होते की माणसे धूम्रपान करतात निकोटिनसाठी, पण मरतात डांबरामुळे. चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आधुनिक ई-सिगारेट घडवली ती याच विचाराशी जुळणारी. त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. तेव्हा या उपकरणाच्या जन्मामागे एक गंभीर वैद्यकीय हेतू होता, हे त्याच्या कडव्या विरोधकांनीही मान्य करायला हवे.

हेतू स्वच्छ असला तरी त्याच्या समर्थनार्थ दिला जाणारा पुरावा तपासावा लागतो. ‘व्हेपिंग (म्हणजे ई-सिगारेट ओढणे) सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक आहे’ हे विधान गेली दहा वर्षे विक्रेते, धोरणकर्ते आणि काही डॉक्टरही इतक्या ठामपणे करत आले आहेत, की ते रक्त-लघवीच्या तपासण्यांतून किंवा मृत्यूंच्या नोंदींतून निघालेले मोजमाप असावे असे ऐकणाऱ्याला वाटते. तसे ते नाही. जुलै २०१३ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड नट यांच्या पुढाकाराने बारा तज्ज्ञ एकत्र बसले. निकोटिन असलेली बारा उत्पादने त्यांच्यापुढे होती आणि हानीचे चौदा निकष होते. प्रत्येक निकषावर कोणते उत्पादन किती घातक, याचे गुण त्यांनी चर्चेतून ठरवले. सिगारेटला जवळजवळ शंभर गुण मिळाले आणि ई-सिगारेटला चार. हा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक उत्पादनांच्या बहुतेक निकषांवर ठोस पुरावा उपलब्ध नाही, अशी कबुली खुद्द त्यातच होती. ऑगस्ट २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेने आपल्या अहवालात ९५ टक्क्यांचा आकडा पुढे केला आणि कबुली मागे पडली. त्याच महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीय लिहून या पायावरच बोट ठेवले. तरीही पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने व्हेपिंगची हानी धूम्रपानाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त असण्याची शक्यता नाही, असे मत दिले. बारा जणांच्या अंदाजाला अशा रीतीने संस्थांची मोहोर लागत गेली.

आकडा कुठून आला यापेक्षा तो कशाची टक्केवारी सांगतो, हा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याला पुरेशी जागा कधीच मिळालेली नाही. हानी ही एकाच मापाने मोजता येणारी वस्तू असेल, तरच तिचे ९५ टक्के वजा करता येतात. तंबाखूची हानी तशी नसते. फुफ्फुसाच्या कर्करोगात रोज किती सिगारेटी ओढल्या यापेक्षा किती वर्षे ओढल्या याला जास्त महत्त्व असते. हृदयाचे गणित आणखी वेगळे आहे. ॲलन हॅकशॉ आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये दाखवले, की रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो. विसावा हिस्सा धूर आणि निम्मा धोका. रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि रक्तातील बिंबिका अगदी थोड्या धुरालाही प्रतिसाद देतात आणि त्यापुढे धोक्याची वक्र रेषा सपाट होत जाते. म्हणून तुषारांत विषारी द्रव्ये पाच टक्के उरली, तर हृदयाचा धोकाही पाच टक्केच उरेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. व्हेपिंगमध्येही सूक्ष्म कण आत जातात, निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवते. फुफ्फुस, हृदय, गर्भ आणि व्यसन या चारही गोष्टी एका टक्केवारीत कोंबणारा आकडा विज्ञानाच्या भाषेत बोलतो, पण मोजत काहीच नाही.

याच हिशेबातून दुहेरी वापराचा प्रश्न सुटतो. घरात व्हेप आणि टपरीवर सिगारेट, अशी सवय असणाऱ्यांना आपण निम्मी हानी टाळली असे वाटते. लायन शहाब आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लंडन परिसरातील १८१ जणांच्या शरीरातील विषद्रव्ये मोजली. सिगारेट पूर्ण सोडून फक्त ई-सिगारेट वापरणाऱ्यांमध्ये तंबाखूजन्य एका प्रमुख कर्करोगकारकाचे अवशेष धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा ९७ टक्क्यांनी कमी निघाले. दोन्ही वापरणाऱ्यांमध्ये मात्र तशी घट दिसली नाही.

पण हाच अभ्यास आकड्याच्या टीकाकारांनाही एक पाऊल मागे घ्यायला लावतो. ९५ टक्क्यांचा पाया कच्चा होता. त्याने दाखवलेली दिशा चुकीची नव्हती. स्कॉटलंडमधील डंडीमध्ये ११४ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सिगारेट सोडून व्हेपिंगकडे वळलेल्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता महिन्याभरात सुधारली. म्हणजे सपाट वक्राची भीती दाखवून ‘मग व्हेप काय आणि सिगारेट काय, सारखेच’ असे म्हणणेही पुराव्याला सोडून आहे. सिगारेट पूर्णपणे सोडून व्हेपिंगकडे वळलेल्या प्रौढाचा धोका बराच कमी होतो, एवढे विधान आज निःशंकपणे करता येते. त्यातला ‘पूर्णपणे’ हा शब्द काढला की विधान खोटे होते.

दोन्ही सारखेच घातक मानणाऱ्यांनी स्वतःच्या पुराव्याबाबत तितकीच बेफिकिरी दाखवली आहे. ई-सिगारेटमुळे हृदयविकाराचे झटके येतात, असे सांगणारा एक अमेरिकी निबंध २०१९ मध्ये गाजला. त्यात मोजलेले काही झटके त्या व्यक्तींनी व्हेपिंग सुरू करण्याआधीचे असू शकतात हे पुढे आले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. २०१९ मध्येच अमेरिकेत व्हेपिंग करणारे तरुण श्वास कोंडून रुग्णालयात दाखल होऊ लागले. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुफ्फुसातील द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. गांजाच्या अर्काचे तेल दाट दिसावे म्हणून काळ्या बाजारातील विक्रेते ते मिसळत होते. निकोटिनच्या नेहमीच्या द्रवाचा त्या साथीशी संबंध प्रस्थापित झाला नाही. भीती मात्र सरसकट सगळ्या व्हेपिंगला चिकटली. आपण बदललो तरी फरक पडणार नाही, असा समज करून घेऊन जो माणूस सिगारेटच ओढत राहिला, त्याचे नुकसान या चुकीच्या संदेशाने केले.

निकोटिनचा प्रश्न वेगळा ठेवावा लागतो. त्याने कर्करोग होत असल्याचे सिद्ध झालेले नाही, पण तलफ त्याचीच असते. २०१९ मध्ये पीटर हायेक यांनी प्रसिद्ध केलेल्या ८८६ जणांच्या ब्रिटिश चाचणीत ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के वर्षभराने सिगारेटमुक्त होते. निकोटिनचे गम, पट्ट्या वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. यशाचे प्रमाण जवळपास दुप्पट. पण सिगारेट सुटलेल्यांपैकी पहिल्या गटात ८० टक्के जण तेव्हाही व्हेप करत होते. दुसऱ्या गटात फक्त ९ टक्के जणांना गम-पट्टी लागत होती. ज्याने कधीच धूर ओढला नाही, त्याच्या बाबतीत तर तुलनेचा पायाच नाहीसा होतो. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेल्या जूल या ई-सिगारेटमध्ये निकोटिनचे क्षार वापरलेले होते. त्यामुळे घशाला न बोचता मोठी मात्रा आत जाऊ लागली. २०१९ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के मुले ई-सिगारेट वापरत होती. त्यांच्यापैकी ज्यांनी सिगारेटला कधी हातच लावला नव्हता, त्यांच्यासाठी ही हानी शून्यावरून वर गेलेली होती.

भारतात ही तुलना आणखी गुंतागुंतीची होते. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळे बंद झाले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिगारेट आणि विडी मात्र पूर्वीप्रमाणे खुलेआम विकल्या जातात. मुलांच्या संरक्षणासाठी बंदीचे समर्थन करता येते. पण अमेरिकेतल्या साथीचा धडा चोरट्या मालाबद्दलचा होता, आणि बंदीनंतर शहरांतून मिळणारा माल चोरटाच आहे. द्रवात काय आणि निकोटिन किती, हे तपासणारे कुणी नाही.

शिवाय इथला बहुतांश तंबाखू सिगारेटमध्ये नसतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. सिगारेट ओढणारे ४ टक्के होते आणि विडी ओढणारे ७.७ टक्के. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा अशा धूरविरहित रूपांचे वापरकर्ते २४.४ टक्के. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी झुरके वरचेवर आणि खोल ओढावे लागतात. तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त आत जातात. विडी ओढणाऱ्याला ज्वलन टाळण्याचा तर्क म्हणूनच पुरेपूर लागू पडतो, पण ई-सिगारेटची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. मशेरी लावणाऱ्या बाईला तो लागूच होत नाही. तिच्या बाबतीत धोका तोंडाला आहे. तिने व्हेपिंग सुरू केले तर आजवर सुरक्षित राहिलेले फुफ्फुस त्यात ओढले जाईल. ९५ टक्क्यांचे विधान लंडनच्या पाकीटबंद सिगारेटला समोर ठेवून झाले होते. ते जसेच्या तसे उचलून सोलापूर किंवा गोंदियात लावणे म्हणजे वेगळ्याच रोगाचे औषध देणे होय.

उरतो प्रश्न दीर्घ काळाचा. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांची पाहणी सुरू केली आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. चाळिशीत सोडणाऱ्यांना त्यांतली सुमारे नऊ वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, साठीत सोडणाऱ्यांना तीन. सिगारेट सोडून व्हेपिंगवर थांबलेल्यांना यांतली किती वर्षे मिळतात, याचा असा तक्ता आज कुठेही नाही. त्यांच्यातले सर्वांत जुनेही अजून व्हेपिंगच्या विसाव्या वर्षाच्या आसपास आहेत.