वाळल्या लाकडाचे वय

मेलेल्या वस्तूला जपणे हा माणसाचाच स्वभाव आहे. जिवंत झाड आपला घाव स्वतः भरून काढते. सालीची कड हळूहळू पुढे सरकते आणि जखम मिटते. वाळलेल्या लाकडाला ते जमत नाही. त्याला पाऊस खातो, बुरशी खाते, वाळवी खाते. ते टिकवायचे, तर कुणीतरी बाहेरून हात लावावा लागतो. आणि बाहेरचा हात लागला, की प्रश्न उभा राहतो : आपण जे टिकवतो, ते तेच राहते का? टिकवता टिकवता त्याला रंगही दिला, तर ती सेवा म्हणायची की लबाडी?

या प्रश्नाकडे मी वळलो तो बोन्सायच्या निमित्ताने. कुंडीतले बुटके झाड, एवढीच बोन्सायची ओळख आपल्याकडे बहुतेकांना असते. पण जपानमधील जुनी जुनिपर झाडे पाहिली, निदान त्यांची छायाचित्रे पाहिली, तर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते हिरवे पान नव्हे, तर हाडासारखे पांढरे लाकूड. डोंगरकड्यावर वाढणाऱ्या जुनिपरवर बर्फ कोसळते, वीज पडते, दगड घसरून येतात. फांद्या मोडतात, खोडाची साल सोलवटून निघते आणि उघडा पडलेला भाग उन्हावाऱ्यात पांढरा होतो. या झाडाचा गाभा चिवट असल्यामुळे तो लवकर कुजतही नाही. फांदीच्या अशा वाळक्या टोकाला जपानी भाषेत ‘जिन’ म्हणतात आणि खोडावरच्या सोललेल्या पट्ट्याला ‘शारी’. हा दुसरा शब्द आपल्या घरचाच आहे. संस्कृत ‘शरीर’ हा शब्द बुद्धाच्या अस्थींचा वाचक म्हणून बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेला आणि तिथे ‘शारी’ झाला. म्हणजे झाडाच्या अंगावरच त्याच्या अस्थी! जिवंत झाड आपले मरण अंगावर वागवीत उभे आहे, हे त्या नावातच आले.

आता यातली मेख अशी, की कुंडीतल्या झाडावर वीज पडत नाही. तिथे ते काम माणूस करतो. पक्कडीने साल सोलतो, पटाशीने लाकूड कोरतो, तंतू ओढून काढतो. ओमियाचे विख्यात कलावंत मासाहिको किमुरा यांनी तर या कोरीवकामात विजेवर चालणारी यंत्रे आणली आणि त्यावरून पुष्कळ वादही झाले. कोरून झाल्यावर लाकूड ओले करून त्यावर कुंचल्याने चुना-गंधकाचे पाणी लावतात. चुना आणि गंधक पाण्यात उकळून हे द्रावण करतात. बागाईतदार ते रोगनाशक म्हणूनही फवारतात. लावताना ते पिवळेजर्द दिसते, सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. पण उन्हात वाळले, की लाकूड पांढरेशुभ्र होते आणि बुरशीला दाद देत नाही. वर्षातून एकदा-दोनदा हा सोपस्कार करावा लागतो. मात्र नुसते द्रावण लावले, तर लाकूड चुना फासलेल्या भिंतीसारखे दिसते. म्हणून त्यात काजळीच्या काळ्या शाईचे दोन थेंब टाकतात, भेगांतून थोडा गडद हात फिरवतात. तेव्हा कुठे ते लाकूड शे-दोनशे वर्षांचे वाटू लागते.

आमच्या शाळेच्या निसर्ग प्रदर्शनात मी हे सारे वर्णन करून सांगितले, तेव्हा नववीतल्या एका मुलाने अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत विचारले, “सर, म्हणजे हे झाडाचं खोटं वय झालं की!” मुलांचे प्रश्न असे असतात. त्यांना उत्तर देण्यासाठी आपल्याला ग्रंथ उघडावे लागतात.

मी रस्किन उघडला. गांधीजींनी ज्याच्या पुस्तकाचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने १९०८ साली गुजरातीत केला, तोच हा रस्किन. त्याच्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या १८४९ च्या ग्रंथात वास्तूमधील खऱ्या-खोट्याचा कठोर विचार आहे. एका पदार्थाला रंग देऊन तो दुसराच पदार्थ असल्याचे भासवणे त्याला मुळीच मान्य नाही. पण त्याच ठिकाणी तो एक मार्मिक भेद करतो. इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला तो फसवणूक म्हणत नाही, कारण तिथे कुणीच त्याला भरीव सोने समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवणूक, कारण तिथे माणूस तो सोने समजूनच घेतो. मुलामा एकच, एका ठिकाणी शोभा, दुसऱ्या ठिकाणी लबाडी. म्हणजे खोटेपणा रंगात नाही, तो रंगाच्या मागे केलेल्या दाव्यात आहे.

ही कसोटी बोन्सायच्याच एका प्रकाराला लावून पाहावी. कुठून तरी जुने, सुंदर, पूर्ण वाळलेले खोड आणायचे, त्यात लांब खाच पाडायची आणि कोवळे रोप त्या खाचेत खिळे वा स्क्रूने जखडून टाकायचे. काही वर्षांत रोप जाड होऊन खाच भरते आणि पाहणाऱ्याला वाटते, की केवढा हा पुराणवृक्ष! जपानी लोक याला ‘तानुकी’ म्हणतात. तानुकी हा तिथल्या लोककथांतला सोंगाड्या प्राणी. रूप पालटून माणसांना चकवणारा. परंपरेत अशा झाडाला मान नाही. पाश्चात्त्य देशांत मात्र तीच कृती ‘फिनिक्स ग्राफ्ट’ हे नाव देऊन उघडपणे करतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. कृती तीच. एका ठिकाणी उसनी वंशावळ मिरवली जाते, दुसऱ्या ठिकाणी ‘हे जोडकाम आहे’ असे सांगितले जाते. एवढ्याने नीती बदलते.

उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षसंग्रहात एक पांढरा पाइन आहे. त्याचे संगोपन १६२५ पासून चालू आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने तो १९७६ साली अमेरिकेला भेट दिला. देताना त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. ती २००१ साली त्यांचे नातू झाड पाहायला आले तेव्हा कळली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तेव्हा हे झाड स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर होते आणि एका भिंतीच्या आडोशाने वाचले. ज्याने खरोखर प्रलय पाहिला, ते झाड पंचवीस वर्षे काही न सांगता हिरवेगार उभे होते. सोसल्याची खूण अंगावर असतेच असे नाही, आणि खूण दिसली म्हणजे सोसलेच असेही नाही.

मग रंग द्यावा की देऊ नये? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे. कुजू नये म्हणून लावलेले द्रावण ही सेवा आहे. त्यात दोष नाही. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ साली पुरातत्त्व खात्याने रासायनिक संवर्धन केले. त्या वेळी भाविकांच्या मनात जी कालवाकालव झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता : देवीची झीज थांबवता, की देवीचे रूप बदलता? झीज थांबवणे हे पुजाऱ्याचे कर्तव्य, रूप बदलण्याचा अधिकार कुणालाच नाही. शाईचे दोन थेंब डोळ्यांना खुपणारा पांढरेपणा कमी करतात, तोवर ठीक. झाड विकताना त्याच थेंबांच्या जोरावर शंभर वर्षे जास्त सांगितली, की तो मुलाम्याचा दागिना झाला. मुलाच्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर दिले : “विचारल्यावर खरे सांगितले, तर खोटे नाही.”

तथापि या कलेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट रंगात नाहीच. साल सोलण्यापूर्वी जाणकार माणूस आधी जिवंत शीर शोधतो. कुठल्या मुळापासून कुठल्या फांदीपर्यंत रस चढतो, ती वाट तो बोटाने चाचपतो, खडूने आखतो आणि तिच्या बाहेरच हात घालतो. ती शीर तुटली, की वरची फांदी गेली. मग पांढऱ्या लाकडाला कितीही रंग द्या, उरते ते सरपण. म्हणून शारीची शोभा जिवंत शिरेमुळे आहे. एका बाजूला पांढरे हाड, त्याला वळसा घालून जाणारी तांबूस साल, आणि वर हिरवा शेंडा.

आपण दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणारी माणसे. आपल्या घरांतही वाळलेले लाकूड पुष्कळ आहे. पणजोबांची मोडी पत्रे आहेत, ती वाचणारे कुणी नाही. जात्यावरच्या ओव्या वहीत उतरून ठेवल्या आहेत, जाते मात्र माळ्यावर आहे. हे सगळे जपावे, वाळवीपासून राखावे, आणि हे वाळलेले आहे असे मुलांना मोकळेपणाने सांगावे. पूर्वजांच्या पराक्रमाच्या खाचेत आजचे कोवळे पोर स्क्रूने जखडून ‘पाहा आमचे चारशे वर्षांचे झाड’ असे म्हणू नये. सभेतल्या भाषणांत हे तानुकी मी बरेच पाहिले आहेत.

आणि जिवंत शीर कुठे आहे? माझ्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुटीत मुले भांडतात, त्या भाषेत ती आहे. तिच्यात कानडी शब्द असतात, इंग्रजी असतात, व्याकरण आमच्या शिक्षकांना रुचेल असे नसते. आमच्यापैकी कित्येक पालकांना आणि शिक्षकांना ती साल खरवडून आतले शुभ्र लाकूड काढायची घाई झालेली असते. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की झाडावर शुद्ध पांढरे असते ते वाळके लाकूडच. जिवंत साल खडबडीत असते, मळकट तांबूस असते, दरवर्षी तिचे पापुद्रे सुटतात. मुलांची भाषा घडवू नये असे मी म्हणत नाही. ते तर माझे कामच आहे. पण चाकू उचलण्याआधी ती शीर बोटाने चाचपून पाहावी, एवढेच माझे मागणे आहे.