भाकर आणि बासी



प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत अन्नाविषयी एकच मागणी आहे, आणि तिच्यातील एका शब्दाने भाषांतरकारांना शतकानुशतके स्वस्थ बसू दिलेले नाही. आपण ज्याला ‘रोजची’ म्हणतो तो मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ होय. नव्या करारात तो मत्तय ६:११ व लूक ११:३ या दोनच ठिकाणी आढळतो. तिसऱ्या शतकातील ओरिगेन हा ग्रीक भाषेतच वाढलेला पंडित. त्याने लिहून ठेवले आहे की, हा शब्द ना विद्वानांच्या ग्रंथांत आहे ना लोकांच्या बोलण्यात, तो शुभवर्तमानकारांनीच घडविला असावा. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना या दोन ठिकाणी दोन निराळे शब्द योजले. आजच्यापुरती, उद्याची, जगण्यास लागेल तेवढी, असे नाना अर्थ सुचविले गेले. या खटाटोपात शेजारच्या ‘आमची’ या शब्दाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्याच्या अर्थाविषयी वाद नाही ना!

‘भाकर’ हा शब्द मराठी भाषांतरकारांनी फार चांगला निवडला असे मला वाटते. इब्री भाषेतील ‘लेहेम’चा अर्थ भाकर असा आहे आणि अन्न असाही आहे, बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. आपल्या भाषेतही भाकरीचा प्रश्न म्हणजे केवळ ज्वारीचा प्रश्न नव्हे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळापासून विदर्भातून जी मराठी कुटुंबे येथे आली, ती भाकरीसाठीच आली. आल्यावर ताटातली ज्वारी हळूहळू गेली आणि छत्तीसगडचा भात आला. प्रार्थनेत भाकर राहिली, ती योग्यच आहे.

परंतु याच भूमीचे एक अन्न आपल्या ताटात क्वचितच आले. ते म्हणजे बासी. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवावे, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची किंवा चटणी यांच्याबरोबर खावे, आणि उन्हात कामाला निघावे. त्याच दिवशी भिजवून खाल्ला तर बोरे, रात्रभर राहिला तर बासी. वैशाखातल्या भिलाईत हे अन्न पोटाला किती निववते, ते खाणाऱ्यालाच ठाऊक. २०२२ च्या कामगारदिनी मुख्यमंत्र्यांच्या आवाहनावरून मंत्री व अधिकारी बासीचे ताट पुढे घेऊन बसले आणि त्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. कामगारांच्या सन्मानासाठी ते होते, ठीकच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार पुन्हा बासी खाऊन निघाला. तेव्हा छायाचित्रकार कोणी नव्हता.

आपण त्या अन्नाला ‘शिळे’ म्हणतो. पवित्र शास्त्राचाच आधार घ्यावा तर म्हणू की, उरवून ठेवलेल्या मान्नात किडे पडले व त्याला घाण सुटली (निर्गम १६:२०). हे खरे, पण तो मान्ना उरलेला नव्हता, उरविलेला होता. उद्या देव देईल की नाही या अविश्वासाने दडवून ठेवलेला होता. उलट पाच हजारांना तृप्त केल्यावर उरलेले तुकडे गोळा करावयास प्रभूने स्वतः सांगितले, म्हणजे काही वाया जाऊ नये. आणि ते तुकडे गरिबांच्या जवाच्या भाकरींचे होते (योहान ६:९-१३). ज्या घरी रात्रीच्या भाताची शिते पाण्यात जपली जातात, त्या घरी या आज्ञेचे पालन चालले आहे. मान्नाची गोष्ट आठवावयाची असेल तर ती आपल्या फ्रीजचे दार उघडताना आठवावी.

त्या फ्रीजचे पुढे काय होते, हेही पाहू. तीन दिवसांची भाजी आपल्याला नकोशी झाली की ती कामवाल्या बाईच्या डब्यात जाते, आणि आपण त्याला दान म्हणतो. तिच्यासाठी चहाचा कप निराळा, ताटली निराळी, ती खिडकीत पालथी घातलेली. ख्रिस्ती घरांतही हे आहे, म्हणून लिहितो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे, बाजारातले मीठसुद्धा धुऊन घेणारे ते घर. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे बराच काळ सांभाळले, आणि मग ते जाणीवपूर्वक टाकले. टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत, १८९३ मध्ये. तीच लोहवाट पुढे भिलाईला येते. आपल्यापैकी अनेकांनी सोवळे पूर्वजांबरोबरच टाकले असे आपण समजतो. ती खिडकीतली ताटली मग कोणाची?

बेथलेहेमातला बवाज आठवा. रूथ परकी, मवाबी, सरवा वेचणारी. जेवणाच्या वेळी त्याने तिला जवळ बोलाविले, कापणाऱ्यांच्या पंगतीला बसविले, आपल्या हाताने हुरडा दिला. ती पोटभर जेवली, आणि मग तिच्याजवळ जे उरले ते तिने सासूसाठी घरी नेले (रूथ २:१४, १८). उरलेले तेथेही आहेच. पण ते तिच्या ताटातले उरले होते, बवाजाच्या नव्हे.

करिंथच्या मंडळीत नेमके उलटे घडले. ज्यांच्यापाशी होते ते आपले जेवण आधीच उरकून घेत. कोणी भुकेला राही, कोणी मस्त होई. पौल इतका संतापला की, हे प्रभुभोजनच नव्हे असे त्याने बजावले (१ करिंथ ११:२०-२२). पाळीपाळीने चालणाऱ्या आपल्या गावाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. उशिरा येणारा हौसेने उशिरा येत नसतो. तेहतिसाव्या वचनात पौल उपाय सांगतो आणि तेथे क्रियापद वापरतो ‘एक्देखेस्थे’. त्याचा अर्थ एकमेकांची वाट पाहा असा होतो, आणि एकमेकांचे स्वागत करा असाही होऊ शकतो. मराठी क्रियापदाला हे दोन्ही एकदम पेलत नाहीत. भाषांतरकाराला एक निवडून दुसरे सोडावे लागते. बहुतेकांनी वाट पाहणे निवडले.

घरात मात्र दोन्ही एकदम करता येते. ती सकाळी आली की आपल्याच कपाटातला कप काढावा, आपण खात असू तेच तिच्या ताटात वाढावे आणि तिच्या शेजारी बसावे. तिने आपल्या डब्यातली बासी पुढे केली, तर तीही घ्यावी.