संकल्प, दक्षिणा आणि छायाचित्राचे फळ

मोबदला देऊन दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या कर्माचे फळ कोणाचे, हा प्रश्न पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाच्या शास्त्राने, यज्ञाच्या संदर्भात हाताळला आहे. एका जाहिरातीसाठी काढवून घेतलेले छायाचित्र पुढे दिनदर्शिकेवर किंवा पुस्तकाच्या वेष्टनावर छापले जाते आणि छायाचित्रकाराला त्याबद्दल काहीच मिळत नाही, तेव्हा प्रश्न तोच असतो. जैमिनिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील उत्तर असे, की फळ यजमानाचे. अंगकर्मे ऋत्विज करत असले तरी दक्षिणेने त्यांचा ‘परिक्रय’ झालेला असतो, म्हणजे ठरावीक कामासाठी मोल देऊन त्यांना बांधून घेतलेले असते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलमही जवळजवळ हेच सांगते: छायाचित्र काढणारा हा कृतीचा कर्ता खरा, पण मोबदला देऊन ते काढवून घेणारा, उलट करार नसल्यास, तिच्या कॉपीराइटचा प्रथम स्वामी ठरतो.

हे साम्य इथेच सोडून दिले, तर यजमानाचा पक्ष वाजवीपेक्षा बळकट होतो. यज्ञाचे फळ त्याला मिळते ते संकल्पाच्या मर्यादेत. देशकालाचा उच्चार करून अमुक फळासाठी अमुक कर्म करतो असे तो सांगतो, ऋत्विजांचे वरण त्या कर्मापुरते होते, आणि तोच याग पुन्हा करायचा झाला तर वरण आणि दक्षिणा दोन्ही नव्याने करावी लागतात. उद्देशाची ही मर्यादा कायद्यालाही अपरिचित नाही, कारण वृत्तपत्राच्या पगारी नोकरीत प्रकाशनासाठी काढलेल्या छायाचित्राबाबत त्याच कलमाने मालकाला नियतकालिकातील प्रकाशनापुरताच हक्क दिला असून बाकी सर्व बाबतींत कर्त्यालाच प्रथम स्वामी मानले आहे. परिणामी पगारी छायाचित्रकारापाशी जे उरते ते स्वतंत्र व्यावसायिकापाशी उरत नाही; ही विसंगती तत्त्वाने समर्थनीय वाटत नाही.

यावर मीमांसेतूनच एक आक्षेप घेता येईल. बाराव्या अध्यायात ‘प्रसंग’ ही कल्पना येते: एका हेतूने केलेले कर्म दुसऱ्याच्याही उपयोगी पडते, जसा प्रासादात लावलेला दिवा बाहेरचा राजमार्गही उजळतो, आणि त्या उजेडासाठी वेगळा दिवा लावावा लागत नाही. मग छायाचित्राच्या पुढच्या वापरासाठी वेगळे मोल कशाला? परंतु प्रसंगात दुसरा लाभ आपोआप घडतो, त्यासाठी कोणी स्वतंत्र प्रवृत्त होत नाही. पुनर्वापरात मात्र नवा हेतू, नवा निर्णय आणि बहुधा नवी कमाईही असते. तो दुसरा संकल्पच आहे, फक्त उच्चारलेला नाही.

कर्ता आणि कृती यांचे नाते मोबदल्याने पूर्ण तुटत नाही, हे कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने मान्य केले आहे. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प शासनानेच घडवून घेतले होते, तरी ते उखडल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांना अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. या कलमाने रक्षण होते ते कर्तृत्वाच्या श्रेयाचे आणि कृतीच्या अखंडतेचे. पुनर्वापराचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

पैशाच्या दृष्टीने अधिक उपयोगी ठरावे असे एकोणिसावे कलम आहे. हस्तांतरणपत्रात, म्हणजे कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करून देणाऱ्या लेखात, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. न उच्चारलेले देशकाल जणू कायदाच उच्चारतो. पण हस्तांतर करण्यासाठी आधी स्वामित्व हवे, आणि सतराव्या कलमाने ते सुरुवातीपासून ग्राहकाकडेच ठेवल्यामुळे, ज्याने कामापूर्वी वेगळा करार लिहून घेतलेला नाही अशा छायाचित्रकारापर्यंत हे संरक्षण पोहोचतच नाही.