पहिले उड्डाण आणि प्रामाण्याचा प्रश्न

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान सुरक्षित उडेल की नाही, हे ते उडण्यापूर्वी कळायला हवे, कारण हवेत गेल्यावर चूक दुरुस्त करायला बहुधा काही सेकंदच हाताशी असतात. पण ते ज्ञान खरे होते की खोटे, याचा निवाडा उडाल्यावरच होतो. पहिल्या उड्डाणाची तयारी या पेचातच करावी लागते. भारतीय दर्शनांत याच पेचावर प्रामाण्यवाद या नावाने शेकडो वर्षे वाद चालला. ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबरोबरच हाती येतो, की तो बाहेरून, दुसऱ्या कशाने तरी पडताळावा लागतो? मीमांसक पहिल्या पक्षाचे, नैयायिक दुसऱ्या.

असा विषय निघाला की गीतेतला फलत्याग हमखास पुढे केला जातो. त्याचा इथे फारसा उपयोग नाही. फळाची आसक्ती पूर्ण सोडलेल्या माणसाचे विमानही शेपटाकडे जड असेल तर कोसळतेच. प्रश्न कर्त्याच्या वृत्तीचा नसून त्याच्या ज्ञानाचा आहे.

न्यायभाष्यकार वात्स्यायन ग्रंथाच्या आरंभीच सांगतो की प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या खात्रीच्या साधनाने, एखादी गोष्ट कळली आणि त्या आधारे केलेली प्रवृत्ती सफल झाली, म्हणजे ते प्रमाण सार्थ ठरते. लांबून पाणी दिसले, माणूस तिथवर गेला, तहान भागली. ज्ञान खरे होते. मृगजळ असते तर हात कोरडाच राहिला असता. यावर मीमांसकांचा आक्षेप चोख आहे. एका ज्ञानाला पडताळणारे दुसरे ज्ञान लागत असेल, तर त्या दुसऱ्याला तिसरे लागेल आणि शेवट कुठेच होणार नाही. शिवाय खरेपणा कळल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही आणि पाऊल उचलल्याशिवाय खरेपणा कळायचा नाही, असे असेल तर माणूस जागचा हलणारच नाही. सातव्या शतकातला कुमारिल भट्ट म्हणून उलटे सांगतो: ज्ञान झाले की ते खरे मानूनच चालायचे. ते रद्द होते दोनच कारणांनी. एक तर त्याला खोडून काढणारे दुसरे ज्ञान पुढे येते, किंवा ज्या साधनाने ते झाले त्या साधनातच दोष सापडतो. काविळीच्या डोळ्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, तो या दुसऱ्या प्रकारातला.

टेबलावरची सगळी तयारी कुमारिलाच्या पद्धतीची असते. तिथे विमान उडेल हे कोणी सिद्ध करत नाही. न उडण्याची कारणे एकेक करून शोधली जातात आणि ती सापडली नाहीत तर पुढे जायचे. या शोधाची सुरुवात प्रोपेलर काढून ठेवण्यापासून होते. मोटार विजेची असेल तर बॅटरी जोडल्याक्षणी ती सजीव समजावी. ट्रान्समीटरच्या एका चुकीच्या स्विचने ती फिरू लागते आणि फिरणारे पाते बोटे कापते. आधी ट्रान्समीटर चालू करायचा, मग विमानातली बॅटरी जोडायची. बंद करताना क्रम उलटा. बॅटरी पूर्ण भरलेली आहे हे मीटरवर पाहायचे. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या एका सेलला भरल्यावर 4.2 व्होल्ट हवेत, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीला 12.6. मागच्या रविवारी भरली होती, हे ज्ञान स्मृतीचे आहे, आणि नैयायिक स्मृतीला प्रमाणच मानत नाहीत. या बाबतीत ते बरोबर आहेत.

मग विमानाच्या मागे उभे राहून, नाक पलीकडे ठेवून, ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे न्यायची. उजव्या पंखाच्या मागच्या कडेची झडप, म्हणजे एलेरॉन, वर गेली पाहिजे आणि डावी खाली. दांडी स्वतःकडे ओढली की शेपटीवरचा एलेव्हेटर वर उचलला गेला पाहिजे. शेपटीवरचे उभे सुकाणू, म्हणजे रडर, उजवीकडे म्हटले की त्याची मागची कड उजवीकडे वळली पाहिजे. इतके साधे असूनही उलटे जोडलेले एलेरॉन पहिल्या उड्डाणातल्या नेहमीच्या घातक चुकांपैकी एक आहे, आणि त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. बांधणारा दांडी हलवतो, झडप हलते, आणि त्याचे समाधान होते. प्रत्यक्ष झाले ते ‘हलते’ एवढेच. ‘योग्य दिशेने हलते’ हे त्याने मनाने जोडले. त्यातून तो विमानाच्या समोर उभा असेल तर डावे-उजवे आणखी फिरते. साधनातला दोष तो हाच, आणि तो डोळ्यात नसून पाहण्याच्या जागेत आहे. म्हणून ही तपासणी मागे उभे राहूनच करतात. दिशा नीट असल्या तरी काम संपत नाही. प्रत्येक झडप दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. बिजागरी चिकटलेली नसेल तर ती इथेच सुटते. झडप हलवणाऱ्या छोट्या मोटारीपासून, म्हणजे सर्व्होपासून, झडपेपर्यंत जाणारी पुशरॉडची तार दाबावर वाकत नाही ना, तिच्या टोकाची क्लिप नीट बसली आहे ना, सर्व्होच्या दांड्याचा मधला स्क्रू घातलेला आहे ना, हेही हाताने पाहायचे.

गुरुत्वमध्याची परीक्षा याहून महत्त्वाची. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर, आराखड्यात दिलेल्या जागी, दोन्ही बाजूंना खुणा करून बोटांच्या टोकांवर विमान तोलायचे. बॅटरी जागेवर असावी, कारण वजनाचा मोठा भाग तिचाच असतो. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. नाकाकडे जास्त जड विमान आळशी उडते, उतरताना वेग जास्त लागतो, पण हातात राहते. शेपटाकडे जड विमान दांडीच्या लहानशा हालचालीला अवाच्या सवा उत्तर देते आणि नवशिक्याच्या हातून लगेच सुटते. दोन्ही चुका मापाच्याच आहेत, पण त्यांचे परिणाम सारखे नाहीत. म्हणून शंका असेल तेव्हा चूक नाकाच्या बाजूने करावी, हा नियम. अज्ञान पूर्ण हटवता येत नसेल तर ते कुठल्या बाजूला ठेवायचे हे तरी ठरवता येते.

हे किती वेळा तपासायचे? इथे कुमारिलाचे एक मत फार कामाचे आहे. श्लोकवार्तिकात तो म्हणतो की तीन-चार ज्ञाने झाल्यावर आणखी ज्ञानाची मागणी करायचे कारण उरत नाही. ज्ञान झाले, त्याला बाध आला म्हणजे खोडणारे ज्ञान आले, त्या बाधालाही बाध आला, एवढ्यावर प्रश्न मिटवावा. मॉडेलवाल्यांच्या जगात दोन्ही टोकांची माणसे भेटतात. एक न तपासता फेकतो, दुसरा सहा महिने तपासतच राहतो आणि त्याचे विमान कपाटावर धूळ खाते. दुसऱ्याला सावध म्हणण्याची रीत आहे, पण जी शंका येण्याचे काही कारणच घडलेले नाही ती सावधपणात मोडत नाही. नैयायिकांपैकी उदयनही हेच वेगळ्या वाटेने सांगतो: स्वतःच्या वागण्याशी विसंगत ठरेपर्यंतच शंकेला मुभा आहे. भूक लागली की जेवणारा माणूस अन्नाने भूक भागते की नाही अशी शंका घेतो, तेव्हा ती नुसती तोंडाची असते.

बांधणाऱ्याचे सगळे ज्ञान प्रत्यक्षाचे नसते. गुरुत्वमध्याची खूण कुठे करायची हे तो कागदावरून घेतो. हे शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताच्या, भरवशाच्या माणसाच्या, सांगण्यावरून मिळालेले ज्ञान. आप्त कोण, याची वात्स्यायनाने केलेली व्याख्या आजही जशीच्या तशी वापरता येते: ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना हे लक्षण सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट म्हणतो. तेव्हा परदेशी कारखान्याच्या किटबरोबर आलेल्या माहितीपत्रकाला कमी लेखायचे कारण नाही, आणि क्लबातल्या ज्येष्ठाला केवळ वयामुळे आप्त ठरवायचेही नाही. त्याने त्या जातीचे विमान उडवले आहे का, हे विचारावे. पहिले उड्डाण अनुभवी हाताने करवून घेण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागे हाच हिशेब आहे.

अनुमानाची गोष्ट अधिक अवघड. असे विमान पूर्वी उडाले, म्हणून हेही उडेल, या अनुमानात एखादी न दिसणारी अट लपलेली असू शकते. तिला नैयायिक उपाधी म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर, हे ओल्या लाकडाच्या अटीवरच खरे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. विमानविद्येच्या इतिहासात उपाधीचे सर्वांत महागडे उदाहरण सॅम्युअल लँग्लीचे आहे. स्मिथसोनियन संस्थेचा हा प्रमुख. त्याचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले मॉडेल 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. पुढे पेट्रोल इंजिनाचे, पूर्ण यंत्राच्या पाव आकाराचे मॉडेल ऑगस्ट 1903 मध्ये उडाले. या आधारावर बांधलेले पूर्ण आकाराचे यंत्र 7 ऑक्टोबर आणि 8 डिसेंबर 1903 रोजी दोन्ही वेळा नदीत कोसळले. चालक चार्ल्स मॅन्ली दोन्ही वेळा वाचला. लँग्लीने दोष उड्डाणमंचाच्या यंत्रणेला दिला, पुढच्या अभ्यासकांनी सांगाड्याच्या कमजोरीवर बोट ठेवले. लांबी-रुंदी-उंची चौपट केली तर आकारमान आणि वजन चौसष्टपट होऊ पाहते, पंखाचे क्षेत्र मात्र सोळापटच वाढते. मॉडेल उडाले हे खरे, पण ‘त्या आकारात’ ही अट अनुमानात लिहिलेलीच नव्हती. दुसऱ्या अपघातानंतर नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. ग्लायडरवर त्यांनी वर्षानुवर्षे सराव केला होता आणि तोही माणूस पेलणाऱ्या आकारात.

आता नैयायिकांवरचा तो जुना आक्षेप पुन्हा घ्यायला हवा: खरेपणा नंतर कळणार असेल तर आधी पाऊल उचलायचे कशाच्या बळावर? नवव्या शतकात काश्मीरमध्ये न्यायमंजरी लिहिणाऱ्या जयंत भट्टाचे उत्तर या सगळ्या वादातले सर्वांत शहाणे आहे. रोजच्या व्यवहारात माणूस निश्चय नसतानाही प्रवृत्त होतो आणि त्यात काही बिघडत नाही. पाणी नसले तर चार पावले फुकट गेली, एवढेच. पण ज्या यज्ञात मोठा खर्च आणि मोठे कष्ट आहेत, तिथे निश्चय आधीच हवा, आणि तो सांगणाऱ्याच्या आप्तत्वावरून मिळवावा लागतो. म्हणजे किती खात्री पुरे, हे ज्ञानाच्या जातीवर ठरत नाही. पणाला काय लागले आहे त्यावर ठरते.

मॉडेल विमानाच्या तयारीची खरी विभागणी या कसोटीने होते. नाक थोडे जड आहे का, मोटारीचा कोन बरोबर आहे का, पंखाला पीळ आहे का, या शंका चुकल्या तर उडवणाऱ्याचेच लाकूड आणि फोम मोडतो. तितका धोका त्याने शंकेवर घ्यावा. तो त्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर येणाऱ्या शंकांना ही सवलत नाही. संपर्क तुटला तर मोटार बंद पडते का, हे विमान घट्ट बांधून किंवा प्रोपेलर काढून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून पाहिलेच पाहिजे. ट्रान्समीटर कमी शक्तीच्या चाचणी-स्थितीत ठेवून तीसेक पावले लांब जायचे आणि तिथून प्रत्येक झडप हलते का हे मदतनिसाने सांगायचे. मग प्रोपेलर बसवून, मदतनिसाने विमान मागून धरलेले असताना, मोटार चालू ठेवून तेच पुन्हा. मोटारीच्या विद्युत-गोंगाटाने सिग्नल बिघडत असेल तर तो इथेच सापडतो. जागा मोकळी हवी, वस्ती, रस्ता आणि विजेच्या तारांपासून दूर. पाहणारे उडवणाऱ्याच्या मागे, प्रोपेलरच्या रेषेत कोणीही नाही. भारताच्या ड्रोन नियम, 2021 मधली मॉडेलची व्याख्या वजनाची मर्यादा 25 किलो ठेवते आणि ते नजरेच्या टप्प्यातच उडवावे असे सांगते. जागा ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात आहे का, हे घरून निघण्यापूर्वी पाहायचे. यातली एकही गोष्ट उद्या उडवून बघू या सबबीवर सोडता येत नाही. स्वतःच्या प्रयोगाचा खर्च बेसावध माणसाच्या माथी मारण्याला जयंताच्या तर्कात जागा नाही, आणि कुठल्याच तर्कात नसावी.

एवढे झाल्यावर विषय वात्स्यायनाच्या हातात जातो. वारा मंद असताना, वाऱ्याच्या तोंडावर विमान सोडायचे, झडपांची हालचाल कमी ठेवलेली असावी, आणि सुरक्षित उंचीवर पोहोचेपर्यंत कसरत करायची नाही. वर गेल्यावर दांडी सोडून पाहिले की विमान एका बाजूला कलते किंवा नाक उचलते; ट्रिमच्या बटनांनी ते सरळ करायचे. मग त्या उंचीवरच मोटार कमी करून वेग घटला की ते कसे वागते हे पाहून घ्यायचे, कारण उतरताना हेच ज्ञान लागणार असते. पहिले उड्डाण चार-पाच मिनिटांचे पुरे. बॅटरीत भरपूर शिल्लक असतानाच खाली यावे, म्हणजे उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तर दुसरा करता येतो.

उतरल्यावर स्क्रू आणि जोड पुन्हा पाहायचे, ट्रिमने केलेली दुरुस्ती पुशरॉडच्या लांबीत करून ट्रिम मध्यावर आणायचे. यापुढच्या उड्डाणांना न्यायाचा टीकाकार वाचस्पती मिश्र याने सांगितलेला दुसरा मार्ग खुला होतो: पूर्वी पडताळलेल्या ज्ञानाच्याच जातीचे हे ज्ञान आहे, म्हणून ते आधीच खरे मानायचे. ही सवलत विमान तेच राहील तोवरच मिळते. बॅटरी जड घेतली, सर्व्हो बदलला किंवा मोडलेला पंख चिकटवला, की जात बदलली, आणि तपासणी पुन्हा प्रोपेलर काढण्यापासून सुरू करावी लागते.