औषधाने आलेली एकाग्रता कोणाची?

ऑटिझम असलेल्या प्रौढ माणसाने एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारासाठी, मिथिलफेनिडेटसारखे उत्तेजक औषध घ्यावे का, हा प्रश्न वरवर पाहता डॉक्टरांचा आहे. रक्तदाब मोजावा, भूक आणि झोप पाहावी, डोस ठरवावा. पण पुण्यातल्या वारज्यासारख्या भागात, जिथे सकाळी अर्धे घर हिंजवडीच्या वाटेला लागते आणि संध्याकाळी आजी नातवंडांकडून रामरक्षा म्हणून घेते, तिथे हाच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला जातो. गोळी घेऊन झालेले काम तुझे कसे? मन आवरणे ही साधना आहे. ती औषधाच्या दुकानात कशी मिळेल? हा आक्षेप मी उथळ मानत नाही. समर्थ रामदासांनी मनालाच समोर बसवून २०५ श्लोक रचले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते पाठ केले. मनाची समजूत घालणे हे माणसाचे पहिले काम, ही धारणा आपल्यात फार खोल रुजली आहे. म्हणून उत्तरही याच परंपरेतून यायला हवे. माझे म्हणणे असे की ही परंपरा बारकाईने वाचली तर ती औषधाविरुद्ध साक्ष देत नाही. आपण ज्याला सरसकट आळस म्हणून दोष देतो, त्यातला बराच भाग ती आळसात मोजतही नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न न घेता केवळ पाण्यावर राहायला सांगतो. त्यानंतर तो त्याला वेद म्हणायला सांगतो, तेव्हा बारा वर्षे अध्ययन केलेल्या त्या मुलाला काहीच आठवत नाही. जेवून परत आल्यावर मात्र विचारलेले सगळे तो सांगतो. मन अन्नावर उभे आहे हे उद्दालक नुसते सांगत नाही, मुलाच्या अनुभवातून सिद्ध करून दाखवतो. श्वेतकेतूची परत आलेली स्मृती अन्नाची आहे, त्याची नव्हे, असे तिथे कोणी म्हणत नाही. सांख्य विचार तर आणखी पुढे जातो. मन, बुद्धी, अहंकार ही सारी प्रकृतीचीच रूपे. पाहणारा पुरुष त्यांहून निराळा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: शरीररूपी अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या चेष्टा आणि दैव. कर्ता त्या पाचांपैकी एक आहे. साधन सुधारले म्हणून कर्ता रद्द होत नाही, आणि साधन बिघडले असेल तर सगळा दोष एकट्या कर्त्यावर टाकणे हे गीतेच्या हिशेबातही बसत नाही. औषधाने ‘मी’ बदलतो ही भीती मनालाच ‘मी’ समजण्यातून येते, आणि नेमकी ही समजूत आपल्या दर्शनांनी सर्वांत जास्त वेळा खोडून काढली आहे.

यावर कोणी म्हणेल की अन्न सर्वांनाच लागते, गोळी मात्र कृत्रिम आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत, चौथ्या पादाच्या आरंभी, सिद्धी कशा येतात हे सांगताना जन्म, मंत्र, तप आणि समाधी यांच्या रांगेत औषधीही ठेवलेली आहे. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्याच पादात पुढे ध्यानातून घडलेले चित्तच संस्कारांच्या साठ्यापासून मुक्त म्हटले आहे. औषध मोक्ष देत नाही. पण मिथिलफेनिडेटकडून मोक्षाची अपेक्षा कोणी केलेली नाही. भरायचा अर्ज भरून होणे, गॅस बंद करायचे लक्षात राहणे, सुरू केलेले वाक्य पूर्ण करणे, एवढेच त्याच्याकडे मागितले जाते. पहिल्या पादातली अंतरायांची यादी मला इथे जास्त मोलाची वाटते. चित्त विक्षिप्त करणारे नऊ अडथळे पतंजली मोजतात, आणि त्यांत पहिला क्रमांक व्याधीचा आहे. दुसरे स्त्यान, ज्याचा अर्थ व्यासभाष्य चित्ताची अकर्मण्यता असा करते. आलस्य त्यानंतर, स्वतंत्रपणे येते. शेवटचे अनवस्थितत्व, म्हणजे अवस्था हाती लागूनही तिच्यात टिकता न येणे. पतंजलींना एडीएचडी ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. असले दावे परंपरेचीही फसवणूक करतात आणि विज्ञानाचीही. मुद्दा एवढाच, की काम करायची मनापासून इच्छा असून हात न हलणे आणि काम नकोसे वाटणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ओळखल्या. आपल्या घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत त्या एकच धरल्या जातात.

मग अभ्यासाचे काय? मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे अशी तक्रार अर्जुनाने केली तेव्हा श्रीकृष्णाने गोळी दिली नाही, अभ्यास आणि वैराग्य सांगितले, हे खरे. पण अभ्यास दृढ कशाने होतो, हे योगसूत्रांत स्पष्ट आहे: दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने केल्याने. एडीएचडीत खंड पडणे हाच विकार आहे. ज्या क्षमतेवर अभ्यास उभा राहतो तीच लुळी असेल, तर अभ्यास कर हा उपदेश ऐकणाऱ्याच्या हाती फक्त अपराधभाव उरतो. चरकसंहितेने उपचारांचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार केले आहेत. आहार आणि औषध यांची योजना दुसऱ्यात येते, मनाला अहितापासून आवरणे तिसऱ्यात. एकाने दुसऱ्याची गरज संपते असे तिथे कुठेही नाही.

इथवरचा युक्तिवाद एडीएचडी असलेल्या कुणालाही लागू पडेल. ऑटिझम सोबत असला की गोष्ट अवघड होते, आणि इथे पुराव्यासमोर नम्र राहावे लागते. २०१३ पर्यंत अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ही दोन निदाने एकाच व्यक्तीला एकत्र देण्याची मुभाच नव्हती. त्या वर्षीच्या पाचव्या आवृत्तीने ती दिली. आजचे अनेक प्रौढ अर्ध्याच निदानावर, किंवा कोणत्याही निदानाशिवाय मोठे झाले त्याचे हे एक कारण. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचे नाव नाही. म्हणजे एकाच माणसाची एक अडचण कायद्याला दिसते, दुसरी दिसत नाही. औषधाच्या परिणामाबाबत २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक चाचणी अजूनही महत्त्वाची आहे. ऑटिझम वर्गातील विकार आणि अतिचंचलता असलेल्या ५ ते १४ वयाच्या ७२ मुलांना त्यात मिथिलफेनिडेट दिले. ४९ टक्के मुलांना स्पष्ट लाभ झाला, तर १८ टक्क्यांना, मुख्यतः चिडचिड वाढल्याने, ते सोडावे लागले. ऑटिझम नसलेल्या मुलांत लाभाचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे असते आणि औषध सोडावे लागणारे अगदी थोडे. प्रौढांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी त्यांतून एवढे निश्चित कळते की औषध निरुपयोगी नाही, पण लाभ कमी जणांना होतो आणि त्रास जास्त जणांना. म्हणून डोस लहान असावा आणि हळूहळू वाढवावा.

याहून खोल पेच अनेक ऑटिस्टिक प्रौढ स्वतःच मांडतात. नावीन्याकडे धावणारे लक्ष औषधाने शांत झाले की त्याखालची ठरलेपणाची ओढ, आवाज-उजेडाचा त्रास, एकाच विषयात बुडून जाण्याची वृत्ती जास्त स्पष्ट दिसू लागते. घरच्यांना वाटते, गोळीने हा आणखीच विचित्र झाला. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक लेखकाने पालकांना उद्देशून सांगितले होते की ऑटिझमच्या आत कुणी ‘नॉर्मल’ मूल अडकून बसलेले नसते. ऑटिझम ही त्या व्यक्तीची असण्याचीच रीत आहे. ते मान्य केले तर औषधानंतर दिसणारा माणूस बिघडलेला ठरत नाही. गोंगाट ओसरल्यावर तो आधीपेक्षा स्वतःसारखा दिसतो आहे, हीही शक्यता विचारात घ्यावी लागते. ऑटिझमची मूळ लक्षणे घालवणारे औषध आज अस्तित्वात नाही, आणि मिथिलफेनिडेटकडून ते काम करून घेण्याचा आग्रह धरणे चूक आहे.

नशेचा आक्षेप पुण्यात विशेष वजनाने येतो, आणि त्याला कारण आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून या शहराने व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे जवळून पाहिली आहेत. ती सावधगिरी कायद्यातही आहे. मिथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येते. विकणाऱ्याला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. पण नशेची झिंग औषध मेंदूत किती वेगाने चढते यावर बरीच अवलंबून असते. तोंडाने घेतलेली, ठरवून दिलेली गोळी तासाभरात सावकाश चढते, आणि नशेसाठी शिरेतून टोचलेले तेच द्रव्य काही मिनिटांत. भूक मरणे, झोप उडणे, नाडी आणि रक्तदाब वाढणे हे धोके खरे आहेत. ज्याला हृदयविकार आहे त्याने ते हसण्यावारी नेऊ नयेत. दुसरे पारडेही रिकामे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एडीएचडी असलेल्या २३ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या. त्याच माणसाचे औषध चालू असलेले महिने आणि नसलेले महिने ताडून पाहता, चालू असताना वाहन अपघाताचा धोका पुरुषांत ३८ आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी आढळला. वारज्याच्या अंगावरून जाणाऱ्या मुंबई-बंगळूर महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्याला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिथे लक्ष ही खासगी साधना राहत नाही. शेजारच्या गाडीत बसलेल्या पोरांचा जीवही त्यावर अवलंबून असतो.

सर्वांत बळकट आक्षेप उरतो तो असा: बदलायला हवे ते समाजाने, आणि आपण औषध देतो माणसाला. भगभगीत दिवे, उघडी कचेरी, दर दहा मिनिटांनी वाजणारा फोन हे सगळे तसेच ठेवायचे आणि ते न झेपणाऱ्याने गोळी घ्यायची, यात अन्याय आहेच. त्याविरुद्ध लढायला हवे. पण ती लढाई लढायलाही माणसाला पत्र पूर्ण लिहिता यावे लागते, तारीख लक्षात ठेवावी लागते. या आक्षेपातून एक अट मात्र मी पूर्ण स्वीकारतो: औषधाचा परिणाम कोणी मोजायचा? आज तपासणीत आई, जोडीदार, वरिष्ठ काय म्हणतात याला फार वजन मिळते. तो शांत बसतो, उलट बोलत नाही, नजरेला नजर देतो, म्हणून डोस बरोबर, असे मोजले तर गोळी इतरांच्या सोयीची होते. त्याला जे करायचे होते ते झाले का, संध्याकाळी औषध उतरताना काय होते, आत शांतता आहे की नुसती बधिरता, हे त्यालाच विचारायला हवे. बोलणे जड जात असेल तर लिहून द्यायची मुभा हवी, उत्तराला वेळ द्यायला हवा. साध्या मिथिलफेनिडेटचा परिणाम तीन-चार तासांत ओसरतो, म्हणून ही संमती एकदाच दिली असे होत नाही. उद्याची गोळी घ्यायची की नाही हे तो डॉक्टरांशी बोलून पुन्हा ठरवू शकतो. गीतेने पाच कारणांत कर्त्याची जागा वेगळी राखली आहे, आणि हा निर्णय त्याच जागेवरून व्हायला हवा.