तलावाच्या पाळीखालचे लोक

जामसांवलीच्या मारुतिरायाच्या दर्शनाला गेलेला माणूस जाम नदीकडे दृष्टी टाकल्यावाचून परतत नाही. वैशाखात क्षीण झालेला तिचा प्रवाह श्रावणात ओळखू येत नाही. पाण्याचा हा दुहेरी स्वभाव आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरीही अलीकडे एका प्रसंगाने मला विचारात पाडले.

आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या संत्र्याच्या बागेलगतच्या ओढ्यावर मातीची पाळ घालून तलाव केला आहे. बागेला विहीर पुरते; तलाव निव्वळ हौसेचा. नातवंडांना होडी, पाहुण्यांना काठावरची संध्याकाळ. मागील पावसाळ्यात पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली, तेव्हा मी काळजी बोलून दाखवली. ते हसून म्हणाले, "अहो, जागा माझी, पैसा माझा, पाणीही माझेच. मग काळजी तुम्ही का करता?"

प्रश्न थट्टेतला होता. पण त्यात एक जुना नैतिक पेच दडलेला आहे. आपल्या मालकीची वस्तू आपली हद्द ओलांडून गेली, तर तिच्या कृत्याला जबाबदार कोण?

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने जलाशय बांधवला. तळाशी जुन्या खाणीची विवरे होती. त्यांतून पाणी शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत शिरले. १८६८ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की, निसटल्यास उपद्रव करील अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर सांभाळावी. आपल्याकडे मात्र १८७४ मध्ये मद्रास रेल्वे आणि कार्वेतीनगरचे जमीनदार यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निराळा निर्णय दिला. अतिवृष्टीने तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते. तरी जमीनदार दोषमुक्त ठरले. कारण ते तलाव लोकांच्या शेतीसाठी परंपरेने चालत आलेले होते, त्यांचे जतन हे जमीनदाराचे कर्तव्यच होते, आणि त्यात हयगय झाल्याचे दिसले नाही. या दोन निर्णयांत मला विरोध दिसत नाही. लोकोपयोग आणि निगा या दोन आधारांवर ती सूट उभी होती. हौसेच्या तलावाला पहिला आधार नाहीच. म्हणून दुसऱ्याचा भार दुप्पट होतो.

तो भार न उचलल्यास काय घडते, याचे दारुण उदाहरण अमेरिकेतील जॉन्सटाउनचे आहे. गावाच्या वरच्या अंगाला साउथ फोर्क येथे जुने मातीचे धरण होते. पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबने ते मासेमारी व नौकाविहारासाठी घेतले. मधल्या एका मालकाने तळाच्या विसर्गाच्या लोखंडी नळ्या काढून विकल्या होत्या. क्लबने त्या पुन्हा बसवल्या नाहीत. गाड्या जाव्यात म्हणून माथा उतरवला, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटले. २,२०९ माणसे गेली. क्लबला न्यायालयाने दोषी धरले नाही. तो देवाचा कोप ठरला. पाऊस अस्मानी होता हे खरेच. पण जाळ्या अस्मानातून पडल्या नव्हत्या.

आपल्या जवळची उदाहरणे सार्वजनिक धरणांची आहेत, पण धडा तोच. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दोष मात्र खेकड्यांवर ढकलण्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच राज्यात धार जिल्ह्यातील कारम धरणाला गळती लागली, तेव्हा खालची १८ गावे रिकामी करून, चर खोदून पाणी वाट काढून सोडले गेले. तेथे धोका पाहणारे कोणीतरी होते, म्हणून माणसे वाचली. खासगी तलावावर मध्यरात्री कोण असते?

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, तसेच १० ते १५ मीटरमधील काही विशिष्ट अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. आमच्या स्नेह्यांची पाळ त्याच्या कक्षेत येत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथे केवळ विवेक उरतो; आणि विवेकाचे काम येथे फारसे गूढ नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगा पाहाव्यात, उंदीर-घुशींची बिळे बुजवावीत, पाळीवर झाडे मुळे धरू देऊ नयेत, सांडवा मोकळा ठेवावा. पाझर स्वच्छ असेल तर त्यावर लक्ष ठेवावे; गढूळ झाला तर पाळीची माती आतून वाहत आहे असे समजून तातडीने पाणी उतरवावे व जाणकाराला बोलवावे.

तलावामुळे खालच्या विहिरींना पाणी वाढते, असे कोणी म्हणेल. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु उपकाराने धोक्याची संमती विकत घेता येत नाही. होडीत बसणारा आणि पुरात सापडणारा हे दोघे निराळे आहेत, हीच यातली खरी विषमता. शिवाय आपली मुले नागपूर-पुण्याला स्थिरावली. उद्या खसऱ्यावर त्यांचे नाव चढेल, पण पाळ फिरून पाहण्याची सवय काही खसऱ्यावर चढत नाही. ज्याला निगा झेपत नाही, त्याने रीतसर सांडवा खाली घेऊन तलाव उतरवावा. आपण हौसेने बांधलेले वेळीच मोडणे, हेही पुरुषार्थाचेच काम आहे.

पुढच्या भेटीत मी स्नेह्यांना एवढेच विचारले, "पाळीखाली ओढ्याच्या काठाने घरे किती?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, दोनदा चुकले, आणि थांबले. मग काठी उचलून म्हणाले, "चला, बघूनच येऊ." आम्ही ओढ्याच्या कडेने खाली निघालो.